स्टिकर नाही तर गाडी आत नाही

या महिन्याच्या पत्रांमध्ये एकच दुखणं पाच-सहा जणांनी वेगवेगळ्या शब्दांत लिहिलंय, मशीन चालू होतानाच अडकतं आणि खोदत गेलं की कारण एसईलिनक्स, म्हणजे लिनक्समधला कडक वॉचमन, निघतं. महापे, रबाळे, ऐरोली, वागळे इस्टेट, सगळीकडून तेच. म्हणून आज नेहमीसारखी भेळ नाही, एकाच विषयावर बसूया. कमांड इथे देवनागरीत उच्चाराप्रमाणे छापल्यात, टाइप करताना अर्थात इंग्रजी स्पेलिंग टाका, नाहीतर पुढच्या महिन्यात त्याचीच पत्रं येतील.

प्रश्न: नमस्कार ताई, मी महाप्याला एका छोट्या कंपनीत सिस्टीम बघतो, डिपार्टमेंट म्हणजे मी आणि अजून एक मुलगा. तीन वर्षांपूर्वी अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर टाकायला जो माणूस आला त्याने बॅग खाली ठेवायच्या आधी एसईलिनक्स डिसेबल केलं. चाललं. आता एका मोठ्या क्लायंटचं ऑडिट झालं आणि त्यांनी लिहून दिलं की मॅन्डेटरी अ‍ॅक्सेस कंट्रोल चालू पाहिजे. मी कन्फिगमध्ये डिसेबल्डचं एन्फोर्सिंग केलं, रीबूट मारला, तर आता नुसत्या लाल लाल 'फेल्ड'च्या ओळी, लॉगिन येतच नाही. परत बंद केलं की मशीन मस्त. मग चूक एसईलिनक्सचीच ना?

उत्तर: नाही हो दादा, चूक त्या मधल्या तीन वर्षांची आहे. सांगते.

आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत पार्किंगचे स्टिकर आहेत. साधं लिनक्स म्हणजे काय, तर प्रत्येक फ्लॅटवाल्याने आपापल्या पाहुण्याला आत घ्यावं, तो मालक, त्याची मर्जी. फाइलच्या मालकाने परवानगी सगळ्यांना मोकळी केली की दार उघडं. मॅन्डेटरी अ‍ॅक्सेस कंट्रोल म्हणजे कमिटीने ठराव केला की स्टिकर नसेल तर गाडी आत नाही, मग ती सेक्रेटरीची असली तरी. मालकाची परवानगी लागतेच, पण तेवढ्याने भागत नाही. रूट, म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी, झालात म्हणून वॉचमन सलाम ठोकून सोडेल असं नाही.

आता हा स्टिकर, म्हणजे लेबल, कुठे असतो, तर प्रत्येक फाइलला चिकटलेला, डिस्कवरच, एक्स्टेंडेड अ‍ॅट्रिब्यूट म्हणून. 'एलएस मायनस कॅपिटल झेड' मारून /इटीसी/शॅडो (पासवर्डची फाइल) बघा, असं काहीतरी दिसेल: सिस्टम_यू, ऑब्जेक्ट_आर, शॅडो_टी, एस० (मधे कोलन). चार तुकडे, युजर, रोल, टाइप आणि लेव्हल. तुमच्या-माझ्या रोजच्या कामात नव्वद टक्के वेळा फक्त तिसरा तुकडा बघायचा, तो 'टी' वाला. शॅडो_टी कोणी वाचायचं हे पॉलिसीत, म्हणजे कमिटीच्या ठरावांत, लिहिलंय आणि वेबसर्व्हर त्या यादीत नाही, संपला विषय.

आणि तुमच्याकडे झालं काय? एसईलिनक्स डिसेबल असताना जी जी फाइल नवीन बनली, अपडेटने बदलली, एडिटरने सेव्ह करताना परत लिहिली, ती सगळी बिनस्टिकरची. तीन वर्षं वॉचमनच नव्हता, गाड्या येत राहिल्या. मग एका सकाळी तुम्ही एकदम कडक वॉचमन आणून उभा केलात आणि तो म्हणाला स्टिकर दाखवा, तर कोणाकडेच नाही, दूधवाल्यापासून चेअरमनपर्यंत सगळे गेटवर. अशा फाइलला सिस्टीम अनलेबल्ड_टी समजते आणि बूटच्या वेळी ज्या सर्व्हिस उठतात त्यातल्या बहुतेकांना अनलेबल्ड_टीला हात लावायची परवानगीच नसते. तुमच्या लाल ओळी त्याच.

आता सोडवायचं कसं. मशीन चालू करा, ग्रबचा (बूटच्या आधीचा) मेनू आला की 'ई' दाबा, लिनक्सने सुरू होणारी जी लांबलचक ओळ आहे तिच्या शेवटी एक स्पेस देऊन 'एन्फोर्सिंग=०' लिहा आणि कंट्रोल-एक्स. हे फक्त या एका बूटपुरतं. आता एसईलिनक्स चालू आहे पण परमिसिव्ह, म्हणजे वॉचमन गेटवर उभा आहे, नियम मोडणाऱ्याचं नाव वहीत (ऑडिट लॉगमध्ये) लिहितो पण अडवत नाही. आत आलात की आधी /इटीसी/सेलिनक्स/कन्फिगमध्ये एन्फोर्सिंगच्या जागी परमिसिव्ह करा. एन्फोर्सिंग ठेवून रीलेबल (सगळ्या फाइलींना परत स्टिकर) करायला जाऊ नका, रीलेबल करणारी सर्व्हिससुद्धा शेवटी एक प्रोग्रामच आहे, तिला उठवणाऱ्या फाइललाच लेबल नसेल तर ती उठणार कशी. मग 'फिक्सफाइल्स -एफ ऑनबूट' (एफ कॅपिटल) मारा. ही कमांड लगेच काही करत नाही, मुळाशी '/.ऑटोरीलेबल' नावाची एक फाइल खूण म्हणून ठेवते. रीबूट केलात की सिस्टमडी (बूटला सगळ्या सर्व्हिस उठवणारा प्रोग्राम) ती खूण बघतं, नेहमीच्या सर्व्हिस बाजूला ठेवतं, सगळ्या डिस्कवर फिरून प्रत्येक फाइलला पॉलिसीच्या रजिस्टरप्रमाणे (कुठल्या पाथला कुठलं लेबल याची यादी) लेबल लावतं, खूण पुसतं आणि स्वतःच परत रीबूट होतं. (डिसेबल मशीनवर ही खूण काही वेळा आपोआपही पडते, पण मी तरी त्या भरवशावर राहत नाही.)

एक गोष्ट आधी तपासा, /प्रॉक/सीएमडीलाइन उघडून बघा की कर्नलच्या ओळीत 'सेलिनक्स=०' कोणी घुसडलंय का, ते असेल तर कन्फिगमध्ये तुम्ही काहीही लिहा, उपयोग शून्य. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ च्या घराण्यात तर उलटी गंमत आहे, तिथे कन्फिगमध्ये डिसेबल्ड लिहिलं तरी कर्नलमधलं एसईलिनक्स खरं बंद होत नाही, फक्त पॉलिसी लोड होत नाही, पूर्ण बंद करायचं तर कर्नलच्या ओळीतूनच. पण बंद करायचंच कशाला, परमिसिव्हमध्ये ठेवा ना! परमिसिव्हमध्ये नवीन फाइलला लेबल लागत राहतं, नंतर परत चालू करताना हा सगळा तमाशा होत नाही. त्या सॉफ्टवेअरवाल्याने तीन वर्षांपूर्वी एक शब्द वेगळा लिहिला असता तर तुमचं हे पत्र आलंच नसतं.

रीलेबल झालं म्हणून लगेच एन्फोर्सिंग करू नका. 'एयूसर्च -एम एव्हीसी -टीएस बूट' मारून वही वाचा, बूटपासून कोणाकोणाचं नाव लिहिलं गेलंय. तुमचं अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर /डेटा किंवा असल्याच कुठल्यातरी घरच्या फोल्डरमध्ये असणार, ज्याचं नाव रजिस्टरमध्येच नाही, त्याला डीफॉल्ट_टी लेबल मिळतं आणि वेबसर्व्हरला ते चालत नाही. ते रजिस्टरमध्ये घालायचं, 'सेमॅनेज एफकॉन्टेक्स्ट -ए' वापरून, मग 'रिस्टोअरकॉन -आर' (आर कॅपिटल) त्या फोल्डरवर. ऑडिट-टू-अलाऊ नावाचं एक टूल आहे जे वहीतल्या प्रत्येक नकाराचं सरळ परवानगीपत्र बनवून देतं, ते डोळे मिटून चालवू नका, बऱ्याचदा दोष परवानगीचा नसतो, लेबल चुकलेलं असतं. आणि कमीत कमी एक महिनाअखेर आणि एक वीस तारीख परमिसिव्हमध्ये जाऊ द्या, कारण जीएसटी रिटर्नच्या वेळीच चालणारी, महिन्यातून एकदाच जागी होणारी स्क्रिप्ट प्रत्येक ऑफिसात एक तरी असते आणि ती नेमकी कोणाला आठवत नाही. ऑडिटवाल्यांना तारीख मागून घ्या. देतात.

प्रश्न: मॅडम, वागळे इस्टेटमधून लिहितोय. मेल सर्व्हरवर ऑटोरीलेबल लावलं, स्क्रीनवर आलं की फाइल सिस्टीमचा आकार आणि डिस्कचा वेग बघून खूप वेळ लागू शकतो, आणि खरंच चाळीस मिनिटं झाली तरी तिथेच. साहेब डोक्यावर उभे होते. शेवटी मी पॉवर काढली. आता चालू केलं तर परत पहिल्यापासून तेच. मशीन गेलं का?

उत्तर: गेलं नाही, पण पॉवर काढायला नको होती. खूण शेवटी पुसली जाते, काम अर्धवट राहिलं तर खूण तशीच, म्हणून पुढच्या बूटला परत सुरुवात. ज्यांचं लेबल आधीच बरोबर झालंय तिथे फक्त बघून पुढे जातं, त्यामुळे दुसरा फेरा थोडा हलका होतो एवढाच दिलासा.

वेळ जीबीवर नाही, फाइलींच्या संख्येवर जातो. दोन टीबीची लग्नाची व्हिडिओ शूटिंग असेल तर शंभर-दोनशे फाइल, पटकन उरकतं. मेल सर्व्हरवर प्रत्येक मेल म्हणजे एक वेगळी फाइल असा प्रकार असेल तर लाखोंनी फाइल, आणि त्यात जुनी फिरणारी हार्डडिस्क असेल तर बसा. डिस्कचा दिवा लुकलुकतोय ना, मग काम चालू आहे. पुढच्या वेळी आधीच 'डीएफ -आय' मारून किती आयनोड (साधारण एका फाइलला एक) वापरात आहेत बघा, त्यावरून अंदाज येतो, आणि शनिवारी रात्री लावा, साहेब घरी असताना.

अजून एक, ज्या डिस्क त्या वेळी माउंट नसतील त्यांना लेबल लागत नाही. तुमची बॅकअपची डिस्क तुम्ही हाताने माउंट करत असाल तर ती तशीच कोरी राहणार, तिच्यावर नंतर वेगळं रिस्टोअरकॉन.

प्रश्न: ताई, मी ठाण्यात इंजिनिअरिंगला शेवटच्या वर्षाला आहे. माझा प्रश्न थोडा आगाऊ वाटेल. पॉलिसी डिस्कवर असते, मग डिस्क वाचणारा पहिला प्रोसेस उठतो तेव्हा त्याला लेबल कोण देतं? आणि /डेव्ह, /रन तर रॅममध्येच असतात, त्यांचं लेबल डिस्कवर असूच शकत नाही, मग?

उत्तर: आगाऊ कसला, हा प्रश्न मला नोकरीला लागून चार वर्षं झाल्यावर पडला होता. नीट ऐक.

कर्नलमध्ये काही लेबलं आधीपासून ठोकून बसवलेली असतात, त्यांना इनिशियल एसआयडी म्हणतात. पॉलिसी लोड होईपर्यंत जे काही चालतं ते सगळं 'कर्नल' या एकाच छत्रीखाली, आणि तेव्हा अडवणारं कोणी नसतं कारण नियमच आलेले नसतात. इनिटरॅमएफएस (खरी डिस्क मिळेपर्यंतची रॅममधली तात्पुरती सिस्टीम) चालतं तेही असंच मोकळं. मग खरी रूट डिस्क माउंट होते, तिथला सिस्टमडी पीआयडी १, म्हणजे पहिल्या नंबरचा प्रोसेस, म्हणून उठतो आणि कुठलीही सर्व्हिस सुरू करायच्या आधी /इटीसी/सेलिनक्समधली पॉलिसी वाचून कर्नलच्या हातात देतो. त्या क्षणी आतापर्यंतच्या सगळ्या प्रोसेस कर्नल_टी ठरतात. सिस्टमडी मग लगेच स्वतःचं लेबल बदलून इनिट_टी होतो. पॉलिसीच वाचता आली नाही आणि मोड एन्फोर्सिंग असेल तर सिस्टमडी तिथेच थिजतो, पुढे जातच नाही, आणि ते बरोबरच आहे.

पुढची गंमत बघ. इनिट_टीने एसएसएचडीची (दुरून लॉगिन देणाऱ्या सर्व्हिसची) फाइल चालवली, त्या फाइलचं लेबल एसएसएचडी_एक्झेक_टी, तर पॉलिसीतला नियम सांगतो की यातून निघणारा प्रोसेस एसएसएचडी_टी. म्हणजे प्रोसेसचं लेबल कुठून आलं, तर कोणी चालवलं आणि फाइलला काय लेबल होतं या दोघांवरून. म्हणून डिस्कवरचं एक लेबल बिघडलं की नुसती एक फाइल अडत नाही, तिच्यातून जन्मणारा प्रोसेसच चुकीच्या घरात जन्मतो. पुस्तकात डॅक-मॅकचं (मालकाची मर्जी विरुद्ध कमिटीचा ठराव) टेबल असतं आणि बेल-लापाड्युलाचं १९७३ चं मॉडेल असतं, परीक्षेला तेवढं पुरतं, पण हे एवढं कळलं की पुढचं सगळं सोपं.

आता /डेव्ह आणि /रन. पॉलिसी यायच्या आधी इनिटरॅमएफएसने तिथे बऱ्याच गोष्टी बनवून ठेवलेल्या असतात, म्हणून पॉलिसी लोड झाल्या झाल्या सिस्टमडी त्यांना रीलेबल करतो, प्रत्येक बूटला, न चुकता. जर्नलमध्ये शोध, 'रीलेबल्ड /डेव्ह' अशी ओळ सापडेल, शेवटी किती मिलिसेकंद लागले तेही लिहिलेलं असतं. नंतर नवीन डिव्हाइस आला, तू पेनड्राइव्ह खोचलास, की त्याच्या नोडला लेबल द्यायचं काम यूडेव्हचं. आणि तुला स्वतःला बूटच्या वेळी एखाद्या जागेला लेबल लावायचं असेल, तर सिस्टमडी-टीएमपीफाइल्सच्या कन्फिगमध्ये 'झेड'ने सुरू होणारी ओळ लिहायची, छोटा झेड म्हणजे तेवढीच जागा, मोठा झेड म्हणजे आतलं सगळं. लेबल कुठलं ते तिथे लिहायचं नाही, ते पॉलिसीच्या रजिस्टरमधूनच येतं.

वाचायचंच असेल तर स्मॅकसुद्धा बघ, हाही लेबलवालाच दुसरा वॉचमन, कर्नलमध्ये २.६.२५ ला, २००८ मध्ये आलं, टायझन या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये तेच होतं. तिथे लेबल म्हणजे साधा एक शब्द, चार तुकडे वगैरे भानगड नाही, नियम बूटच्या वेळी /इटीसी/स्मॅकमधून लोड होतात. एसईलिनक्स अमेरिकेच्या एनएसएने डिसेंबर २००० मध्ये बाहेर काढलं आणि २००३ च्या शेवटी २.६ सोबत मुख्य कर्नलमध्ये आलं, त्यामानाने स्मॅक लहान भाऊ. आणि तुझ्या खिशातला अँड्रॉइड फोन बूट होताना जवळपास हाच क्रम पाळतो, तिथे ५.० पासून सगळं एन्फोर्सिंग आहे. म्हणजे एसईलिनक्स बंद करा असं सांगणारा प्रत्येक माणूस ते खिशात घेऊन फिरतोय.

प्रश्न: रूटचा पासवर्ड विसरलो होतो, नेटवर बघून 'आरडी.ब्रेक' करून (बूट मधेच थांबवून) नवीन टाकला, आता नवीन पासवर्डपण घेत नाही. स्पेलिंग दहादा तपासलं. — एक वाचक, ऐरोली

उत्तर: स्पेलिंग बरोबर आहे तुमचं. मी हे स्वतः केलंय म्हणून छातीठोक सांगते.

तेव्हा रबाळ्याला एका डेटा सेंटरमध्ये एका क्लायंटचं मशीन होतं, आधीचा अ‍ॅडमिन पासवर्ड न देता नोकरी सोडून गेलेला. मी रात्री गेले, आरडी.ब्रेक लावलं, /सिसरूट राइट मोडमध्ये माउंट केलं, सीएचरूट, पासवर्ड बदलला, एक्झिट, एक्झिट, मशीन वर आलं, वेबसाइट दिसली, मी खूश. लॉगिन करून बघायचं सुचलंच नाही कारण शेवटच्या गाड्यांची वेळ झाली होती. गाडीने ऐरोली सोडलं आणि फोन, मॅडम लॉगिन होत नाहीये. ठाण्याला उतरले, नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवर उभी राहून विचार केला आणि एकदम लख्ख आठवलं की काय राहिलं. परत रिक्षाने रबाळे, रात्रीचं भाडं वेगळं.

होतं असं की 'पासवर्ड' कमांड शॅडो फाइलमध्ये खाडाखोड करत नाही, नवीन फाइल लिहून जुनीच्या जागी ठेवते. आरडी.ब्रेकमध्ये पॉलिसी लोड झालेली नसते, त्यामुळे त्या नवीन शॅडोला लेबल मिळत नाही. नंतर मशीन एन्फोर्सिंगमध्ये वर येतं, लॉगिन करणारा प्रोग्राम शॅडो वाचायला जातो, त्याला परवानगी शॅडो_टी वाचायची आणि समोर अनलेबल्ड_टी. मग तो काय सांगतो, तर पासवर्ड चुकीचा! खरं कारण सांगतच नाही, इथेच सगळे फसतात.

म्हणून एक्झिट करायच्या आधी 'टच /.ऑटोरीलेबल' मारायचं असतं, नेटवरच्या अर्ध्या पाककृतींमध्ये ही ओळ गाळलेली असते. पण एका फाइलसाठी अख्खी डिस्क फिरवायची मला तरी जिवावर येते. ग्रबमध्ये एन्फोर्सिंग=० टाकून बूट करा, नवीन पासवर्डने लॉगिन होईल, 'रिस्टोअरकॉन -व्ही /इटीसी/शॅडो', मग 'सेटएन्फोर्स १'. दुसरी खिडकी उघडून लॉगिन होतंय का बघा. मग गाडी पकडा.

प्रश्न: आमच्या सर्व्हरवर एक्सफॅट पेनड्राइव्हवरून फोटो दाखवायचे आहेत, रिस्टोअरकॉन मारलं तर लेबल लागतच नाही. — कोपरखैरणे

उत्तर: एक्सफॅटमध्ये लेबल ठेवायला जागाच नाही. अशा वेळी माउंट करतानाच सगळ्या फाइलींना एक लेबल लावून टाकायचं, /इटीसी/एफएसटॅबमध्ये ऑप्शन म्हणून 'कॉन्टेक्स्ट=' आणि पुढे पूर्ण चार तुकड्यांचं लेबल, तुमच्या बाबतीत टाइप एचटीटीपीडी_सिस_कॉन्टेन्ट_टी. 'नोफेल'पण लिहा, नाहीतर पेनड्राइव्ह न लावता रीबूट केलात की मशीन त्याची वाट बघत बसेल आणि मला परत पत्र येईल.

प्रश्न: उबंटूवर यातलं काहीच सापडत नाही. — कळवा

उत्तर: सापडणार नाही, तिथे अ‍ॅपआर्मर असतं. ते फाइलला लेबल चिकटवत नाही, फाइलचा पत्ता बघतं, कुठल्या प्रोग्रामने कुठल्या पाथला हात लावायचा एवढंच. त्यामुळे रीलेबल हा प्रकारच नाही, बूटच्या वेळी फक्त /इटीसी/अ‍ॅपआर्मर.डी मधले प्रोफाइल लोड होतात. 'एए-स्टेटस' मारा, काय चालू आहे दिसेल.

प्रश्न: वेबसाइटच्या फोल्डरला सीएचकॉनने लेबल लावलं होतं, सहा महिने चाललं, परवा अपडेटनंतर रीलेबल झालं आणि साइट ४०३ (परवानगी नाही). परत सीएचकॉन केलं, चालू. कोणी हॅक करतंय का? — एक वाचक, खारघर

उत्तर: कोणी नाही, तुम्हीच. सीएचकॉन म्हणजे स्टिकर हाताने चिकटवला पण रजिस्टरमध्ये नोंद नाही. रीलेबल झालं की रजिस्टर उघडून गाडी-गाडी तपासली जाते, नोंद नसलेला स्टिकर खरवडून काढतात. मनातलं लेबल सेमॅनेज एफकॉन्टेक्स्टने नोंदवा, त्यात पाथच्या शेवटी कंसातलं '/.*' आणि प्रश्नचिन्ह विसरू नका म्हणजे आतल्या सगळ्या फाइलींना लागू होईल, मग रिस्टोअरकॉन.

आणि तुमच्या पत्रात पुढे लिहिलंय की नवीन फाइली होम फोल्डरमध्ये बनवून एमव्हीने वेबच्या फोल्डरमध्ये हलवता, तर ते बंद करा. एमव्हीने फाइल जुन्या घराचं लेबल घेऊनच येते, यूझर_होम_टी, आणि वेबसर्व्हर तिला हात लावत नाही. सीपी करा, कॉपीला नवीन घराचं लेबल मिळतं, आणि जुनी फाइल नंतर उडवा. एमव्हीची सवय सुटतच नसेल तर 'एमव्ही -झेड' आहे, झेड कॅपिटल.